आयूच्या पिशवीला लागलेलं तेल

मित्रांनो, मी सुती कापडाची एक जुनी पिशवी. आजही तेल तापल्याचा वास आला की मला तो दिवस आठवतो.

चियायी गावात शूमेईबाईंनी मला शिवलं ते आयूच्या बियांसाठी. डोंगरातल्या वेलीच्या या बिया माझ्यात घालून गार पाण्यात चोळल्या, की पाणी न शिजवताच थिजतं. त्या पिवळसर जेलीच्या फोडी किसलेल्या बर्फावर पडत, वर लिंबू आणि मध. तीस उन्हाळे माझं काय कौतुक झालं! अट एकच, तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर पाणी थिजतच नाही.

यंदा त्यांचे यजमान पिंगहुई आजारी पडले. उकाडा मरणाचा, आणि घोटभर पाणी दिलं तरी ठसका लागे. त्यांना बघायला आलेली परिचारिका म्हणाली, "आयू भरवून बघा. ताकद नाही यायची त्यानं, त्यात सगळं पाणीच. पण आज पाणीच पोटात जायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल."

घरात बिया दोनच मुठी होत्या. आणि आदल्या दिवशी सून चियालिंगनं तळलेला कांदा निथळायला मलाच घेतलं होतं! नंतर धुतलं तिनं, पण शिवणीत तेल राहिलं. मला ते ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

एक मूठ माझ्यात घालून शूमेईबाई चोळत राहिल्या. पाव तास झाला, तरी पाणी ते पाणीच. भीतीनं मी अर्धमेली झाले. त्यांनी मला नाकाशी नेलं.

"चिया, कांदा घातलास हिच्यात?"

"चुकलं हो आई! मला वाटलं, पिशवीच तर आहे."

"रडतेस काय? तुझा नवा रुमाल आण. आणि हात धू आधी!"

उरलेली मूठ रुमालात चोळली गेली. मी फरशीवर पडून बघत होते. वाडगं हलवायचं नसतं, म्हणून दोघी हात मागे बांधून उभ्या. आतून पिंगहुईंचा कण्हण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. शेवटी बाईंनी चमचा टेकवला. जेली हलली, पण फुटली नाही.

पहिला घास गेला. ठसका नाही. पिंगहुई पुटपुटले, "मध विसरलीस."

बाई हसता हसता रडल्या.

आता मी कांद्याचीच पिशवी. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, घरातली वस्तू उचलताना ती कशासाठी जपलीय, एवढं विचारत जा. त्या दिवशी मला सगळं कळत होतं, फक्त ओरडायला तोंड नव्हतं.