चार चपटी वजनं

ज्या माणसाने जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नाही, तो आठ महिन्यांनी तोंड उघडून म्हणतो काय, तर "जाऊ." कुठे? तर समुद्रावर. बोटीतून. मासे धरायला!

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बोका म्हणतात. त्याला आनंदाने काय करू नि काय नको झालं. विषय त्यानेच काढला होता. रविवारी मित्राची बोट आहे, सहा-सात जण आहोत, दाजी तुम्हीही चला, असं तो दर वेळी म्हणतो तसंच म्हणाला, आणि आमच्या ह्यांनी भिंतीकडची मान वळवून चक्क होकार दिला. बोका स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाला, "ताई, बघ, माणूस परत येतोय." मी हो हो म्हटलं. मला मात्र त्या होकाराचीच धास्ती वाटत होती.

का, ते सांगते. आमचं दोघांचं शिवणाचं दुकान. हे कापणार, मी शिवणार. एकतीस वर्षं. सगळा बाजार ह्यांना मास्तर म्हणतो. कापडावरून अंगठा फिरवल्याशिवाय कात्री लावायचे नाहीत, मग गिऱ्हाईक किती का घाईत असेना. भांडणं रोजचीच. मी ओरडायचे, मुंढा वाकडा कापलाय, बाही काय डोक्यात बसवू? आणि हे मान वर न करता म्हणायचे, "शिवताना सांभाळून घे." एकतीस वर्षं ते वाक्य ऐकलं आणि एकतीस वर्षं माझं डोकं फिरलं.

मग एका सकाळी कापता कापता कात्री हातातून गळून पडली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, जीभ जड झाली. दुसऱ्या महिन्यात त्याच जड जिभेने मला म्हणाले, "सोडव मला." त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या कात्र्या, ब्लेडं, गोळ्यांचे डबे कपाटात कोंबले, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. नंतर तीनदा ह्यांनी डाव्या हाताची दोन बोटं उघडमीट करून कात्री मागितली. तीनदा मी म्हटलं, मेले तरी देणार नाही.

आता पुढचं ऐका. पंधरा दिवसांपूर्वी बोका आपलं मासे धरायचं सामान दाखवायला घेऊन आला, आणि जाताना शिशाचं एक वजन विसरून गेला. गळ तळाला जावा म्हणून दोरीला बांधतात, ते. चादर बदलताना मला ते ह्यांच्या उशीखाली सापडलं. मी गुपचूप होतं तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते, तर हे ते तळहातावर घेऊन तोलत बसलेत. आणि त्याच आठवड्यात म्हणतात, समुद्रावर जाऊ. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

बोक्याला सांगावं तर तो बेतच रद्द करणार. म्हणजे आठ महिन्यांत ह्या माणसाने होऽ म्हटलेली एकुलती एक गोष्ट मी हिसकावून घेतली, असं होणार. न सांगावं, तर मग मी कुठल्या तोंडाने जगायचं? रात्रंदिवस डोक्याचा भुगा. शेवटी ठरवलं, ह्यांना घेऊन सामान आणायला जायचं. ज्याला खरंच मासा धरायचाय तो रॉड कुठला, दोरी कुठली, हे बघेल तरी. मास्तर माणूस, अंगठा फिरवल्याशिवाय घेणारच नाही. आणि नाहीच बघितलं, तर मला उत्तर मिळालं. मग रविवारी मी दारात आडवी पडेन, पण ह्यांना बाहेर सोडणार नाही.

शनिवारी दुपारी गेलो. दुकान चिंचोळं, दोन्ही भिंतींना रॉड उभे केलेले, आणि काउंटरच्या काचेखाली खणाखणात गळ मांडलेले, आमच्याकडे बटणं असतात तसे. दुकानदार साठीचा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. ह्यांचा पाय बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"पहिल्यांदाच का?"

"पहिल्यांदाच," मी म्हटलं. "बोटीतून. उद्या."

"पाणी किती खोल असेल?"

"मला काय माहीत! समुद्राएवढं."

तो हसला. "नवख्या लोकांना फार लांब नेत नाहीत, ताई. वीस-पंचवीस मीटर धरू. म्हणजे उगाच मोठं सामान नको. आणि बोटीवर लांब रॉड घेऊन गेलात तर शेजाऱ्याच्या डोळ्यात जायचा. हा बघा, सात फुटी. हलका आहे, पण टोकाला जीव आहे." त्याने रॉड ह्यांच्यासमोर आडवा धरला. "घ्या साहेब, हातात घेऊन बघा."

ह्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. "कुठलाही," म्हणाले.

कुठलाही! अस्तराच्या कापडासाठी चार दुकानं पालथी घालणारा माणूस, म्हणतो कुठलाही.

मला घाबरलं की तोंड जास्त चालवायची खोड आहे. दुकानदाराने दोरी कुठली दाखवू विचारलं, तर मी म्हटलं, "ऐंशी नंबरची द्या. बारीक असलेली बरी, ह्यांना सुटसुटीत."

"ऐंशी? ताई, होडी ओढायचीय का?"

"हे बघा, मला दोऱ्याचं शिकवू नका. एकतीस वर्षं दोरा ओवतेय. नंबर चढला की दोरा बारीक."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे नंबर म्हणजे दोरी किती ओझं पेलेल ते. नंबर चढला की दोरी जाड. ऐंशीची घातलीत तर ह्या रॉडच्या रीळवर इतकी थोडी मावेल की गळ तळालाही पोचायचा नाही. वीसची घ्या."

घ्या! भर दुकानात माझं नाक कापलं गेलं. एरवी हे खो खो हसले असते, आणि पुढची दहा वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला असता. मी वळून बघितलं. तेवढ्यासाठी तरी हसतील, म्हणून बघितलं. हे भलतीकडेच बघत होते. काउंटरच्या त्या टोकाला शिशाची वजनं ठेवली होती, तिकडे.

दुकानदाराने तोवर वीसची दोरी गुंडाळलेलं रीळ काढलं होतं. त्याचं लक्ष ह्यांच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे गेलं. "हाताला काय झालं?"

"मुरगळलाय," मी म्हटलं. लोकांची कीव नको म्हणून मी आठ महिने हेच सांगतेय.

रीळच्या एका बाजूचा स्क्रू फिरवून त्याने हँडल बाहेर ओढलं आणि दुसऱ्या बाजूने बसवलं. "हे कुठल्याही बाजूला बसतं. बोटीच्या कठड्याला नळी असते, तिच्यात रॉड उभा करायचा आणि डाव्या हाताने फिरवायचं. एका हाताचं काम आहे, साहेब." त्याने फिरवून दाखवलं. किर्र किर्र असा गोड आवाज आला.

डाव्या हाताने करता येईल असं काहीतरी आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ह्यांच्यापुढे ठेवलं होतं. मी मनात म्हणत होते, बघा हो, एकदा बघा. एकदा तरी अंगठा फिरवा. हे उठले, काउंटरला धरून धरून पाय ओढत वजनांपाशी गेले.

तिथे त्यांनी एक लहान गोल वजन उचलून काचेवर ठेवलं. बोटाने ढकललं. ते घरंगळलं. मान हलवली, ते परत ठेवलं आणि दुसरं घेतलं. चपटं, वडीसारखं, त्याहून जड.

"हे," म्हणाले. "चार."

"साहेब, ते पाव किलोचं आहे!" दुकानदार म्हणाला. "शंभर ग्रॅमचं एखादं पुरे. चार घेऊन काय करणार? आख्खं किलोभर शिसं होईल ते."

"चार."

उजवा हात कामाचा नाही, डाव्याने काउंटर धरत परत यायचं, म्हणून हे एकेक वजन उचलून खिशात टाकायला लागले. एक शर्टाच्या खिशात. शर्ट खाली ओघळला. दोन पँटच्या खिशात.

आणि माझा बांध फुटला.

"काढा ते!" मी अशी किंचाळले की दुकानदाराचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "काढा म्हणते ना! मला काय आंधळी समजता? उशीखाली शिसं ठेवता, खिशात शिसं भरता, आणि उद्या कठड्यावरून जायचंय, हो ना? म्हणून रॉड कुठलाही, दोरी कुठलीही! आठ महिने मी डोळ्याला डोळा लावला नाही. तुमचा श्वास मोजत बसते मी! जा ना मग, जा खुशाल! पण चार नका घेऊ, आठ घ्या. चार माझ्या खिशात घाला. मी मागे राहून काय करू? कोणाचं वाकडं सरळ करू?"

हे माझ्याकडे बघत राहिले. आधी काही कळलंच नाही त्यांना. मग कळलं. चेहऱ्याची डावी बाजू थरथरली, आणि त्यांनी डावी मूठ काउंटरवर आपटली.

"वेडी!" म्हणाले. आठ महिन्यांत इतका स्पष्ट शब्द मी ऐकला नव्हता.

खिशातली वजनं त्यांनी एकेक करून काढली, चौथं काउंटरवरचं घेतलं. सामान बांधायच्या खाकी कागदाचा गठ्ठा काउंटरवर होता, त्यातला एक ओढला, तळहाताने सपाट केला, आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. बोटाने कागद ढकलून बघितला. हलला नाही. मग माझ्याकडे बघून डाव्या हाताची दोन बोटं उघडमीट केली.

दोरी कापायची कात्री दुकानात खिळ्याला लटकत होती. दुकानदाराने ती काढली, पण दिली नाही. सगळं ऐकलं होतं ना त्याने. "देऊ का, ताई?" त्याने मला हळूच विचारलं.

माझा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. जीव मुठीत धरून म्हटलं, "द्या."

ह्यांनी कात्री डाव्या हातात घेतली. उजव्या हाताची कात्री ती, डाव्या हातात पाती फाकतात, कागद कापत नाही, चावत सुटते. घामाघूम झाले. अर्धगोल काढायचा होता तो कुठेच्या कुठे गेला. पण कागद जागचा हलला नाही. एका हाताने कापत होते आणि चार वजनं कागद धरून होती.

"धरायला… हात… नाही," हे म्हणाले. "म्हणून… वजन. घरी… एकच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीनदा. तीनदा ह्या माणसाने मला कात्री मागितली, काम करायला मागितली, आणि मी कुलूप लावून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या ह्यांना गोळ्या मोजून देत बसले. सोडव मला, म्हणाले होते एकदा, खोटं नाही. पण त्यानंतर काय म्हणत होते ते मी ऐकलंच नाही. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

मी कापलेला कागद उचलला, उजेडात धरला. रडू आवरेना, आणि तोंडातून सवयीने तेच निघालं.

"मुंढा वाकडा गेलाय."

हे कात्री खाली ठेवत होते. मान वर केली नाही.

"शिवताना… सांभाळून घे."

मी तिथेच स्टुलावर बसून पदर तोंडात कोंबून रडले. दुकानदार बिचारा गळांचे खण उगाच सारखे करत राहिला. बऱ्याच वेळाने मी नाक पुसलं आणि विचारलं, "अहो, मग ती बोट कशाला? नुसती वजनंच हवी होती तर सांगायचं होतं."

ह्यांनी जरा विचार केला. मग मघाचं लहान गोल वजन उचलून रॉडपाशी ठेवलं. "हे… बोटीला," म्हणाले. चपट्या चारांवर हात ठेवला. "ही… घरी."

आणि रीळ जवळ ओढून, त्यावरची वीस नंबरची दोरी वीतभर सोडवून, तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवला. तोंड वाकडं केलं.

"दुसरी," दुकानदाराला म्हणाले, "दाखवा."