पाचवं काजं

एकतीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र आमच्या विभागप्रमुखांचं होतं. सगळे त्यांना मोजपट्टी म्हणायचे, अर्थात पाठीमागे. माझा डॉक्टरेटचा अर्ज त्यांनी पुढे पाठवला नव्हता, कारण माझे हात चांगले असले तरी डॉक्टरेटला डोकं लागतं. मी केलेली बटणांची पट्टी ते अभ्यासासाठी स्वतःकडे ठेवून घेत होते. आणि जाता जाता विचारलं होतं, ‘पाचवं काजं तिरकं ठेवण्यामागे आपला विचार काय, ते उलटटपाली कळवावे.’

आमचं काम ऑक्युपेशनल थेरपीचं. अपघाताने किंवा झटक्याने ज्यांचे हात लुळे पडले, त्यांना बटण लावायला, पेला धरायला, कुलूप उघडायला पुन्हा शिकवायचं. पट्टी म्हणजे जाड कापडाचे दोन पदर. एकावर सहा बटणं, दुसऱ्यावर सहा काजी. ती लावायला किती वेळ लागतो ते मोजायचं. काजी आमच्या हिने केली होती. पाचवं चालू असताना दूध उतू गेलं. ही धावली, परत येऊन बसली आणि काजं तिरकं गेलं. उसवू का, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय.

मोजपट्टीने बघितलं. वर्षभरात पट्टी त्यांच्या नावाने पुस्तकात आली. तिरक्या काज्यावर दीड पान होतं. त्याने म्हणे मनगटाची खरी परीक्षा होते, आणि पाचव्यावर अडेल तो कामावर परतायला योग्य नाही. मी पत्र त्याच पानात घातलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. हा माझा सूड, असं स्वतःला सांगत आलो. भित्रेपणालाच मी ते नाव दिलं असेल. पण दर नव्या आवृत्तीत मी आधी तेच पान उघडायचो. दीड पानाची तीन पानं झाली, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

आमची नात गेलं वर्षभर एका दवाखान्यात याच कामात मदतनीस आहे. यंदा तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. मास्टर्स दोन वर्षांचं, डॉक्टरेट साडेतीन. परवाना दोन्हींनी एकच मिळतो. मी डॉक्टरेटच्या मागे लागलो. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही कधी कुणाला पाणी आण म्हणाला नाहीत. आता हिला डॉक्टर हो म्हणून हात धुऊन मागे लागलात?”

शेवटी मी नातीपुढे पत्र ठेवलं आणि दुधासकट सगळं सांगितलं. डॉक्टरेटला प्रबंध असतो. त्यात तिने त्या काज्याची चिरफाड करायची. मोजपट्टी अजून हयात आहेत, हेही सांगितलं. मला वाटलं, ती हसेल.

तिने पत्र दोनदा वाचलं. “मागच्या आठवड्यात एक बसड्रायव्हर आले होते,” ती म्हणाली. “पट्टीवर चार बटणं लावली, पाचव्यावर अडले. मी कागदावर ‘अयोग्य’ लिहिलं, आजोबा. मग स्वतःच्या शर्टाची सगळी बटणं लावून ते घरी गेले.”

मी चष्मा पुसत बसलो.

“तुम्हाला एकतीस वर्षं माहीत होतं?”

“मला त्या मोजपट्टीला खड्ड्यात पाडायचं होतं.”

“ते काठावर मजेत आहेत. पडले ते दुसरेच.” तिने पत्राची घडी घातली. “मी मास्टर्स करणार. मला पेशंट बघायचेत. आणि तुमचं उत्तर एका ओळीचं आहे, त्यासाठी माझी दीड वर्षं कशाला?”

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरना परत बोलावलं, काजं सरळ करून.

मी चार कच्चे खर्डे केले. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात सुभाषितं. ड्रायव्हरसाठीच लिहिलं असं म्हणायला आवडलं असतं, पण आधी मी आमच्या जुन्या कारकुनाला फोन करून विचारलं, मोजपट्टींची नजर कशी आहे. सगळं टपाल अजून स्वतः वाचतात, तो म्हणाला. ऐकून बरं वाटलं.

शेवटी लिहिलं ते असं: ‘आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. पाचवं काजं तिरकं ठेवण्यामागे विचार काहीही नव्हता. दूध उतू गेलं होतं.’

याची एक प्रत, सोबत त्यांच्या पत्राची झेरॉक्स, पुस्तकाच्या प्रकाशकांना. चौकातल्या टपालपेटीत आधी ते पाकीट टाकलं. मग मोजपट्टींचं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभा राहिलो.