एकवीसचा पट्टा

मी एक भारीतलं घड्याळ बोलतोय. माझ्या काट्यांची शपथ, पुढचं सगळं घडलेलं आहे. आयुष्यात मी एकदाही खोटी वेळ सांगितलेली नाही. आता दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे पळतो, आणि गेल्या आठवड्यात सलग चार दिवस सव्वाचारच दाखवत होतो, पण ते सोडा.

जन्म माझा बर्फाच्या डोंगरात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या मांडीवर झाला. म्हणजे कारखान्यातच, पण खिडकीतून डोंगर दिसायचा. माझ्या पोटात सेल नाही. माणसाचा हात हलला की मी चालतो. दोन दिवस हात मिळाला नाही की थांबतो. असा स्वभाव देऊन कुणाला जगात पाठवू नये.

टोरांटोच्या रागिणीनं मला तिच्या बाबांच्या साठीला आणलं. बाबा म्हणजे महादेवराव. मोर्शीला संत्र्याची बाग, घरात एकटेच. मला मनगटावर चढवून ती म्हणाली, "बाबा, काढायचं नाही हं." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की फवारणीला, ओलिताला, बैल धुवायलाही मी सोबत. दोन उन्हाळ्यांत माझा चामड्याचा पट्टा घामानं कुजला. त्याच्या वासानं एकदा अख्खी एसटी रिकामी झाली. बरं, दोन माणसं उठली.

मग रबराचा पट्टा लावायचं ठरलं.

अमरावतीत खुशालराव घडीसाज आहेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझं माप घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"महादेवभाऊ, हे एकवीस मिलिमीटर हाय. बाजारात वीसचा पट्टा भेटते, नाई तं बावीसचा. एकवीसचा कोनी ठेवतच नाई."

"मंग रागिणीले काय सांगू? दर रविवारी फोनवर इचारते, बाबा, घड्याळ दाखवा."

"दाखवा ना. खिशातून काढून दाखवा! हे घड्याळ हाय का जावई? एवढे नखरे काहून करून राह्यलं?"

वीसचा लावला, तर दोन्हीकडे फट. मी खुळखुळ्यासारखा वाजायचो. बावीसचा आत जाईना. खुशालरावांनी ब्लेडनं कडा तासल्या, त्या एका बाजूनं जास्तच गेल्या. रबर काही पुन्हा वाढत नाही. शिवाय माझा काठ गोल, पट्ट्याचं टोक सरळ. आणि पट्टा धरून ठेवणारी ती बारीक पिन दाबली, की बसायचं सोडून टुणकन उडायची. मग साठीतले दोघं गडी टॉर्च घेऊन बाकाखाली, गुडघ्यांवर.

"सापडली का?"

"सापडली, पन हे आपली नोहे. गेल्या वर्सी कोनाची तरी उडाली होती, ते हाय."

हसून हसून दोघांना ठसका लागायचा. मग चहा व्हायचा. मग, "मंगळवारी या." असे चार मंगळवार गेले. मधले दिवस मी खुशालरावांच्या ड्रॉवरमध्ये. गुरुवारी थांबायचो, मंगळवारी कुणी हलवलं की जागा व्हायचो.

पाचव्या मंगळवारी दोघं मला घेऊन अकोल्याला गेले. तिथल्या दुकानातल्या प्राजक्तानं गोल टोकाचा एकवीसचा पट्टा काढला, पिना दाबून बसवल्या, आणि मी मनगटावर. सगळं मिळून दोन मिनिटं.

"काका, आणखी काही?"

आणखी काहीच नव्हतं. परतीच्या एसटीत बसलो. मूर्तिजापूर आलं.

"झालं मंग," खुशालराव म्हणाले.

"हो. झालं."

पुढच्या मंगळवारी महादेवरावांनी सकाळीच दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि ओसरीत बसून राहिले. अमरावतीची बस समोरून गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांनी कलमं करायचा चाकू घेतला, माझी एक पिन उचकटली, बागेत लांब भिरकावली आणि आठची बस धरली.

"खुशालभाऊ, पिन पडली ना कुठंतरी."

खुशालरावांनी भिंग लावलं. माझ्या काठावर चाकूचे दोन ताजे ओरखडे होते. भिंगाशिवायही दिसले असते. त्यांनी भिंग काढून बाकावर ठेवलं. तसल्या पिना त्यांच्या ड्रॉवरमध्ये डबीभर आहेत. मी त्या डबीशेजारीच झोपतो, मला माहीत आहे.

"लय नाजूक काम हाय हे," ते म्हणाले. "टाइम लागन. मंगळवारी या. चा सांगू?"

तेव्हापासून मी इथंच. नवा पट्टा अंगाला घट्ट बसलाय, पण एकाच बाजूनं. शुक्रवार ते सोमवार कुठली वेळ असते ते मला ठाऊक नाही. तुम्ही कधी त्या दुकानात गेलात, तर मला उचलून दोनदा हलवा. तेवढीच माझी करमणूक. पिन मात्र कुणी आणून देऊ नका.

आणि शपथ घेतली होती म्हणून सांगतो. रागिणीचा दर रविवारचा फोन, तेवढं खोटं आहे. दोन वर्षं मी त्या हातावर होतो. रविवारी फोन न वाजता खाटेवर पडलेला असायचा आणि तो हात त्याच्या शेजारी. खुशालरावांना ते तसं सांगतात, म्हणून मीही तुम्हाला तसंच सांगितलं.