मागच्या दाराखालची चीर

माझ्या बायकोला, नूलाला, लूर्दच्या यात्रेला जायचं होतं आणि तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. एवढ्यावरून ईस्टरपासून आमच्या घरात धुसफूस चालली होती.

दरवर्षी जूनमध्ये आमच्या धर्मप्रांताचं एक विमान आजारी माणसांना घेऊन तिकडे जातं. मिरवणुका, मेणबत्त्या, दुखणं बरं करतो म्हणतात त्या झऱ्याच्या गारढोण पाण्यात अंघोळ, आणि परत. नूलाची फुप्फुसं आक्रसत चालली होती आणि त्यावर औषध नव्हतं. नाकाला नळी लावून बसली तर प्रवास जमेल, पण दगदग सोसायची की नाही ते तिचं तिने ठरवावं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा ते अंगावरचं ओझं झटकत असतात, असं माझं मत आहे.

"पाणी ते पाणीच," मी म्हणालो. "आपल्या नळालाही येतं."

"मी बरी व्हायला कुठे चाललेय?" नूला म्हणाली. "मला नुसतं जायचंय."

मला बोलायला सुचेनासं झालं की मी चिडतो, तसा चिडलो. शेजारचा फर्गल आणि त्याची बायको चहाला आली होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तू त्या विमानात बसायच्या आधी मी त्याची चाकं काढून ठेवीन, बघ." ते दोघं हसले. नूला हसली नाही. तिने सगळ्यांना मनुकांचा पाव कापून दिला, लोणी लावून, आणि माझी बशी रिकामी ठेवली.

हे वाक्य पुढे माझ्या मानगुटीवर बसणार होतं. कारण मी शॅननच्या विमानतळावर, विमानं दुरुस्तीला ठेवतात त्या हँगरमध्ये काम करतो आणि फर्गल तिथला आमचा मुकादम आहे.

माझं काम म्हणजे चिरा शोधणं. विमान वर गेलं की आतल्या हवेने फुगतं, खाली आलं की बसतं. हजारो वेळा असं झालं की पत्रा थकतो. माणसासारखा कुरकुरत नाही, गुपचूप थकतो. मग पत्रे जोडणाऱ्या एखाद्या रिव्हेटच्या कडेला केसाहून बारीक चीर सुरू होते, आणि ती डोळ्याला दिसायच्या आधी सापडली पाहिजे. त्यासाठी पेनएवढी सळई असते, तिला वायर, वायरीला छोटा पडदा, पडद्यावर हिरवा ठिपका. कामाला हात लावण्याआधी सळई एका ठोकळ्यावर फिरवायची, ज्यात मुद्दाम चीर पाडलेली असते. चीर आली की ठिपका उडी मारतो. तो किती उडतो ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि मग विमानाला भिडायचं. हे काम मी इतकी वर्षं करतोय की प्रवासी म्हणून विमानात बसणं मला नको वाटतं. बसलो की कान भिंतीला लागतात आणि बारीकसं करकरलं तरी जीव वरखाली होतो.

नेमकं यात्रेसाठी ठरवलेलं विमानच त्या महिन्यात आमच्याकडे तपासणीला आलं. यात्रा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे शेवटचा भाग उरला होता, मागच्या दाराखालचा कोपरा. मी पाठीवर पडून, कपाळावर दिवा लावून एकेका रिव्हेटभोवती सळई फिरवत होतो आणि ठिपका उडाला.

फार नाही. ठोकळ्यावर उडतो त्याच्या निम्मा. ओरखडा असला तरी तेवढा उडतो. मी जागा पुसली, पुन्हा फिरवली, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा मला वाटलं, थोडा कमी उडाला. आणि माझ्या मनात असा प्रश्न आला की आडवा पडलेलो असूनही मला घाम फुटला. मॅलकी कॉन्सिडाइन, तुला ही चीर दिसतेय, की दिसायला हवीये?

हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता. माझ्या डोळ्यांवर मी बायकोइतकाच भरवसा ठेवत आलो होतो. आता हो म्हणालो तर विमान अडकणार आणि नूला घरी राहणार, माझ्या नजरेसमोर, माझ्या हाताशी, मला हवं तसं. नाही म्हणालो, तर ती याच पत्र्याच्या भरवशावर समुद्र ओलांडणार.

आमच्याकडे एक रीत आहे. अशी शंका आली की दुसऱ्याला बोलवायचं, पण काय दिसलं आणि कुठे, ते सांगायचं नाही. सापडलेल्या जागेभोवती आम्ही पिवळ्या मेणखडूने गोल काढतो. साधी पेन्सिल नाही चालत, तिच्या शिशाने पत्रा गंजतो. पण दुसऱ्याने बघेपर्यंत तो गोलही काढायचा नाही. मी बाहेर सरकलो आणि सोरखाला हाक मारली. ती माझ्याहून बरीच तरुण, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"दाराखालचा कोपरा," मी म्हणालो. "सगळा बघ."

"काही आहे?"

"सगळा बघ म्हटलं ना."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. माझं तोंड उघड्या पुस्तकासारखं आहे असं नूला म्हणते, म्हणून मी तिथे थांबलोच नाही. हँगरच्या मागे जाऊन खाडीकडे बघत बसलो. ओहोटी होती, नुसता चिखल आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. तिला काही सापडू नये, असं मला वाटत होतं. सापडावं, असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

बऱ्याच वेळाने ती आली. मान हलवून तिने चला अशी खूण केली. मी पुन्हा विमानाखाली सरकलो. माझ्या रिव्हेटभोवती तिने पिवळा गोल काढला होता. आणि त्याच्यापुढे एक रिव्हेट सोडून आणखी एक गोल होता.

"हा दुसरा?" मी विचारलं.

"तुम्हाला दिसला नाही?"

मी तिथवर पोचलोच नव्हतो. पहिली चीर सापडली की शेजारपाजार आधी बघायचा, हे मीच या पोरीला शिकवलं होतं. ठिपका उडाला तेव्हा माझं मन नूलापाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

"मॅलकी," सोरखा खाली वाकून म्हणाली, "हवं तर आधी मला सापडली असं सांगू. कोणाला काय कळतंय?"

फर्गलही आला, गोल पाहून त्याने टोपी मागे सारली आणि तेच म्हणाला. "चाकांचं बोलला होतास तू, माझ्या बायकोसमोर. उद्या सगळं गाव तेच म्हणेल. सोरखाचं नाव पुढे करू या. विमान तसंही अडकणारच आहे, मग तू कशाला बदनाम होतोस?"

"गाव गेलं खड्ड्यात," मी म्हणालो.

"गावाचं जाऊ दे. नूलाचं काय?"

त्याचं बरोबर होतं. माझा जीव तिथेच अडकला होता. यात्रा चुकली तर ती मला माफ करील, पण मी खोटी चीर काढली असं तिला वाटलं तर नाही. आणि उरलेले महिने, जे काही असतील ते, मी तिच्या शेजारी तसाच झोपणार.

घरी गेलो तेव्हा दिवाणखान्यात बॅग भरून उभी होती. नूला स्वयंपाकघरात रिकाम्या बाटल्या मांडून बसली होती. झऱ्याचं पाणी आणायला शेजाऱ्यांनी दिलेल्या. ती एकेकीवर नाव लिहीत होती, तेही माझ्या कोटाच्या खिशातून ढापलेल्या पिवळ्या मेणखडूने.

"फादर टूहींचा फोन आला होता," ती मान वर न करता म्हणाली. "विमान मोडलंय म्हणे. दुसरं परवा मिळेल, तेही मिळालं तर."

"मोडलं नाही. चीर आहे. मागच्या दाराखाली."

"कोणाला सापडली?"

फर्गलने तयार करून दिलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं.

"मला."

तिने खडू खाली ठेवला. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता.

"चाकं काढीन म्हणाला होतास."

"हो."

"मग खरं सांग. ती तुला सापडावी असं वाटत होतं?"

"हो," मी म्हणालो. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तिकडे कुठल्यातरी परक्या खाटेवर तुझा श्वास अडकेल आणि मी इथे कोणाच्यातरी विमानाखाली पडलेला असेन, याची मला भीती वाटते. रोज वाटते. म्हणून मला काय दिसलं त्यावर माझाच विश्वास बसेना. मग सोरखाला बोलावलं, काही न सांगता. तिला तीच चीर सापडली. आणि आणखी एक."

"आणखी एक?"

"माझ्या नजरेतून सुटलेली."

मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून मी उठलो, तर ती हसत होती.

"म्हणजे," ती दम घेत घेत म्हणाली, "मला थांबवायला चीर शोधायला निघालास, आणि होत्या त्यातल्याही अर्ध्याच सापडल्या तुला. म्हातारा झालास रे."

"झालो खरा."

"इकडे ये." तिने माझं डोकं ओढून स्वतःच्या खांद्यावर टेकवलं. "भीती वाटते तर तसं म्हणायचं. चाकं कसली काढतोस? मी इतके दिवस समजत होते की तुला माझी लाज वाटते. देवदेव करणारी बाई म्हणून."

"लाज कसली, वेडे," मी म्हणालो, आणि मग मला पुढे बोलता आलं नाही. या खेपेस मी चिडलो मात्र नाही.

दुसरं विमान मिळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची सगळी यात्रा विमानतळावर जमली, चाकांच्या खुर्च्या, काठ्या, डबे, निळ्या शाली. उशीर झाल्यामुळे सगळे वैतागलेले. ब्रायडी हेहर नावाची एक आजीबाई, दोन्ही गुडघे गेलेली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "काहीतरी केसाएवढं सापडलं म्हणे. आमच्या वेळी अशाने कुणी विमानं अडवत नव्हतं. कोण होता तो शहाणा, देव त्याचं भलं करो."

"हा बसलाय ना," नूला म्हणाली. "माझा नवरा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नूला मात्र ताठ बसली होती, लग्नाच्या दिवशी बसली होती तशी.

"मी जाऊ नये असं त्याला वाटत होतं," ती पुढे म्हणाली. "तरी त्याने दुसऱ्याकडून खात्री करून घेतली. आणि ब्रायडी, तुमची जागा दारापाशी होती ना? मागच्या?"

ब्रायडीबाईंनी जागेचा कागद काढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं. "खा," त्या म्हणाल्या. "वाळलायस अगदी."

मी बॅग उचलून निरोप द्यायला पुढे झालो, तेवढ्यात फादर टूही आले. मदतीला येणाऱ्या एका बाईंची रजा या उशिरामुळे पुरणार नव्हती. "एक जागा रिकामी आहे, मॅलकी. नूलाजवळची. तुझी श्रद्धा नाही हे ठाऊक आहे मला, पण खुर्ची ढकलता येते ना?"

"मला काम आहे, फादर."

"काही काम नाहीये," नूला म्हणाली. "फर्गलला विचारलंय मी. त्या विमानाला ठिगळ लावून होईपर्यंत तू रिकामाच आहेस. तुझे कपडे माझ्या बॅगेत आहेत. बाटल्या कोण उचलणार?"

म्हणजे तिने हे आधीच ठरवून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि खुर्ची ढकलायला लागलो.

विमानात मी खिडकीजवळ बसलो. सवयीने हात भिंतीवर गेला, कान ताठ झाले. नूलाने ते पाहिलं.

"हे तू तपासलंयस?"

"नाही. हे आमच्याकडचं नाही."

"मग कोणी तपासलंय?"

"असेल कोणीतरी. कुठल्यातरी हँगरमध्ये. पाठीवर पडून, दिवा लावून."

"ओळखतोस त्याला?"

"मी कसा ओळखणार?"

"मग त्याने नीट पाहिलं असेल कशावरून?"

"पाहिलं असणार," मी म्हणालो. "पाहिलंच असणार. त्याशिवाय का मी तुला यात बसवलं?"

पत्ते खेळताना मी भलतंच पान टाकलं की बघते, तशी नूला नळीच्या वरून माझ्याकडे बघत राहिली. कधी न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर मी काय बोलून बसलो ते मला हळूहळू कळलं.

"हसू नकोस," मी म्हणालो. "खोकला येईल."

ती हसलीच. खोकलाही आला. मी तिची पाठ चोळत राहिलो, पाणी दिलं, नळी सरळ केली, शाल वर ओढली. ती शांत झाली तेव्हा मी बाहेर पाहिलं तर खाली ढग होते. विमान कधी सुटलं ते मला कळलंच नव्हतं.