आठ पॉइंट दोन

शेवटचा थेंब पडला आणि काचेच्या नळीतलं पाणी हळूहळू जांभळट व्हायला लागलं, तसा चष्मेवाला ती घेऊन खिडकीशी गेला — लेकीनं बजावलं होतं, दिव्याखाली रंग फसवतो बाबा, उजेडातच बघायचं — आणि रंगांच्या तक्त्याशी नळी धरून त्यानं डोळे बारीक केले. जन्मभर लोकांना अक्षरं वाचायला लावली, आता स्वतःच रोज परीक्षेला बसतोय... आठ पॉइंट दोन. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीला याहून चांगला पीएच काय हवा.

लेक, जावई आणि नात इथे राहत होती तेव्हा हा आकडा कधी आठला शिवला नाही. लेक पावडर टाकून टाकून थकली, जावयानं पंप बदलला, आकडा आपला ढिम्म. मग जावयाची बदली झाली, तिघं गेली, टाकी नेण्यासारखी नव्हती म्हणून याच्या गळ्यात पडली — आणि पाणी सुधारलं. याची कॉलर ताठ. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, पीएच किती, आणि त्या आकड्याचं बोट धरून बाकीचं यायचं: नातीचा पडलेला दात, जावयाचा खोकला, तुम्ही जेवलात का.

काल मात्र ती म्हणाली, पाणी आता स्थिर झालंय, महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. बिचारी त्याचा त्रास वाचावा म्हणूनच म्हणाली असणार, पण रोज मोजायचं नाही म्हणजे रोजचा फोनही नाही, हे त्याला लगेच कळलं.

म्हणून आज दुकान लवकर बंद करून तो शोभेचे मासे विकणाऱ्याकडे गेला होता. रोज मोजायलाच हवं, असं कुणीतरी जाणत्यानं म्हणावं एवढंच त्याला हवं होतं. मासेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, घरात आधी माणसं किती होती, खिडक्या उघड्या असायच्या का, ते विचारलं.

"काका, बंद खोलीत माणसांचा श्वास पाण्यात उतरतो, पीएच खाली येतो. आता तुम्ही एकटेच. पाणी सुधारणारच."

एकटेच... नातीला सर्दी व्हायची म्हणून खिडकी बंद असायची, चौघं याच खोलीत, ती नाक काचेला लावून नारिंगी माशांशी गप्पा मारायची आणि मी ओरडायचो, काच खराब होते. म्हणजे तो ढिम्म आकडा म्हणजे ती तिघं होती तर. आणि आपण रोज फोनवर ती नसल्याचीच फुशारकी मारत होतो. त्याला ते वाईट पाणी परत हवं होतं, अगदी जीव तुटेल इतकं हवं होतं.

फोन वाजला. सात पॉइंट सात म्हटलं तर ती काळजीत पडेल, उद्या फोन करेल, परवाही करेल... तो खोटा आकडा ओठांवर आला.

"आठ पॉइंट दोन," तो म्हणाला.

"मग झालं तर. आता नका मोजत बसू."

"घरात कुणी नाही ना, म्हणून चांगला येतो."

असं तो आजवर कधी बोलला नव्हता. 'ठेवते हं' एव्हाना यायला हवं होतं, ते आलं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. काही बोललो तर ती ठेवेल अशी भीती वाटत होती, आणि पलीकडे ती अजून आहे म्हणून ती भीतीसुद्धा त्याला हवीहवीशी वाटत होती.