चव्वेचाळीस नंबरचं नाव

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात ब्रह्मांड आहे. एकशेवीस विद्यापीठं, त्यांची एकशेवीस मैदानं, बँडबाजे, लाखो प्रेक्षक, ऊन, पाऊस, बर्फ आणि आठ हजारांवर धट्टीकट्टी पोरं. हे सगळं ब्रह्मांड सध्या 'आपला कुत्रा, आपली शिस्त' असं छापलेल्या डब्यात राहतं. माझा स्वतःचा डबा हरवला. कुत्रा वारला. शिस्त त्याला शेवटपर्यंत लागली नाही.

मी कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची तबकडी. यंत्रात घातली की टीव्हीवर सामना सुरू होतो. हा फुटबॉल तुमच्यासारखा पायानं खेळत नाहीत. इथे अमेरिकेत चेंडू हातात धरून पळतात आणि पळणाऱ्याला बाकीचे अंगावर पडून आडवा करतात. पायाचा संबंध फक्त नावापुरता, आणि नावांची गंमत पुढे सांगायचीच आहे.

माझ्या जन्माला चार सेकंद लागले. वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा, वरून दाब, मग चकचकीत मुलामा, की झाले मी. माझ्या पोटातली माणसं भरायला मात्र कंपनीला एक वर्ष लागलं होतं. ते काम एक चष्मेवाले गृहस्थ करत. विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका समोर ठेवायच्या आणि एकेक पोरगा उतरवून घ्यायचा. उंची, वजन, राज्य, कातडीचा रंग, मनगटाची पट्टी, कमरेला खोचलेला टॉवेल. एकच रकाना रिकामा सोडायचा. नावाचा.

त्याला कारण होतं. विद्यापीठांनी आपल्या रंगांचा परवाना दिला होता, झेंड्याचा दिला होता, गाण्याचा, मैदानाचा दिला होता. मार्स्टन व्हॅली विद्यापीठानं तर आपल्या मिरवणुकीतल्या खेचराचाही परवाना दिला होता. खेचराचं नाव बार्नबी, ते माझ्यात ठळक अक्षरांत आहे. पोरांचा परवाना कोणी दिला नाही, कारण पोरांना कोणी विचारलंच नाही. विद्यार्थ्यानं स्वतःच्या नावावर काही मिळवू नये, असा तेव्हा नियम होता. म्हणून नाव सोडून उरलेला माणूस घेतला. एखाद्याच्या घरातलं सगळं सामान नेलं आणि दारावरची पाटी तेवढी सन्मानानं मागे ठेवली, तर त्याला तुमच्याकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या कंपनीत त्याला खबरदारी म्हणत.

यंत्र बंद झालं की ही सगळी पोरं मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात उभी राहतात. अंधार असतो. कोणी कोणाला हाक मारत नाही. मारणार कशी?

मार्स्टन व्हॅलीच्या वसतिगृहात मी पहिल्यांदा यंत्रात गेले, तो शनिवार होता आणि दुपार होती. सोफ्यावर कझिमिर श्चेपानिक बसला होता. सगळे त्याला कॅझ म्हणत. विद्यापीठाच्या संघात तो बचावाला खेळायचा, नंबर चव्वेचाळीस.

"अरे कॅझ, हा बघ तू!" त्याचा खोलीतला सोबती ओरडला. "चव्वेचाळीस! सहा फूट दोन! ओहायो!"

"ओहायोत सहा फूट दोन इंचाचे छप्पन सापडतील."

"आणि डाव्या हातावर काळी बाही? तीही छप्पन जणांची?"

कॅझ पडद्याजवळ सरकला. नऊ वर्षांचा असताना चर्चच्या स्वयंपाकघरात सॉसेज उकडायचं पातेलं त्याच्या डाव्या हातावर उलटलं होतं. तो डाग झाकायला तो बाही घालायचा. कंपनीनं डाग घेतला नव्हता, वरचं झाकण तेवढं घेतलं होतं. पडद्यावरचा चव्वेचाळीस जाळीच्या हेल्मेटमागून त्याच्याकडे बघत उभा होता. कॅझ हसला खरा, पण हसताना त्यानं स्वतःची बाही खाली ओढली.

मग पोरांनी नावं भरायचा उद्योग काढला. त्या काळात सगळीच पोरं तो करत. माझ्यात एक समालोचक आहे. दोन-तीन हजार आडनावं त्यानं आधीच बोलून ठेवली आहेत. खेळाडूला त्यातलं नाव दिलं, की तो ते खड्या आवाजात घेतो. यादीबाहेरचं दिलं, तर नुसता नंबर सांगतो. श्चेपानिक यादीत नव्हतं; इंग्रजीत ते एस, झेड, सी, झेड असं सुरू होतं. सोबत्यानं जवळपासचं म्हणून स्टीव्हन्स घातलं.

"काय पाडलाय स्टीव्हन्सनं!" समालोचक गरजला, आणि खोलीभर हशा पिकला. आठवडाभरात अख्खा संघ त्याला स्टीव्हन्स म्हणू लागला.

पुढच्या शनिवारी त्याचे वडील लुडविक पोराला भेटायला आले. पोलादाच्या कारखान्यातला माणूस, मांडीवर टोपी ठेवून अर्धा तास सामना बघत बसला.

"हा स्टीव्हन्स कोण?"

"मीच, बाबा. यंत्राला आपलं नाव येत नाही."

"मग शिकव त्याला."

"त्याला शिकवता येत नाही हो."

"वा रे वा! विद्यापीठात पोराला दुसरा बाप देता येतो, पण यंत्राला दोन अक्षरं शिकवता येत नाहीत!" लुडविकनी टोपी डोक्यावर घातली. "तुझ्या आजोबांच्या हजेरीपटावर मुकादमानं 'एस. वगैरे' लिहिलं होतं. आठवडाभर कामावर गेला नाही तो. घरात बटाटे संपले, तरी गेला नाही. मुकादम दारात येऊन नाव विचारून गेला, तेव्हा गेला. काढ ते. नंबर तर नंबर. उसनं नाव नको."

कॅझनं ते काढलं. चव्वेचाळीस पुन्हा चव्वेचाळीस झाला.

खऱ्या मैदानावर कॅझनं चार वर्षं माणसं आडवी केली, बहुतेक डोक्यानं. धडक बसली की डॉक्टर बोटं दाखवून किती म्हणून विचारत. तो दोन म्हणायचा, आणि बहुतेक वेळा दोनच असत. संघ अजिंक्य ठरला. बार्नबीला हार घातला.

पुढे माझ्यासारख्या खेळांत आपला देह ओळखून काही खेळाडू कोर्टात गेले. बराच काळ वाद चालला आणि माझ्यामागून येणारी भावंडं यायची थांबली. मी आधी जुनी झाले, मग दुर्मीळ झाले. फरक एवढाच, की दुर्मीळ वस्तूवरची धूळ लोक फुंकून बघतात. लोकांचे फोन येऊ लागले. विकता का, म्हणून. कॅझची मोठी बहीण रोझालिया प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "घरातलं माणूस आहे आत."

कॅझ आता तिच्याकडेच राहतो, ओहायोतल्या केटलविल गावात. वडील चार वर्षांपूर्वी गेले. रोझी शाळेची बस चालवते. कॅझ पस्तिशीचा आहे आणि त्याला चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाही. म्हणून रोझीनं घरभर चिठ्ठ्या लावल्यात. कपाटावर 'कप', डब्यावर 'साखर', मागच्या दारावर 'थंडी आहे, कोट घाल'. न्हाणीघरातल्या आरशावर तिनं काही लावलेलं नाही. तिथे काय लिहावं लागेल, हा विचार ती रोज उद्यावर ढकलते.

पण मी यंत्रात फिरू लागले की त्याच्या अंगठ्यांना सगळं आठवतं. आणि कंट्रोलर खाली ठेवला की माझ्यातले खेळाडू थांबतात. छाती वरखाली होते, एक पाय, मग दुसरा. कॅझ तासन्‌तास तसंच ठेवून चव्वेचाळीसकडे बघत बसतो.

एका शनिवारी त्यानं विचारलं, "रोझी, हा पोरगा कोण?"

"कुठला?"

"काळ्या बाहीचा. माझ्याकडे बघतोय."

"तो सगळ्यांकडेच बघतो. दुसरं काय काम आहे त्याला?"

"नाव काय त्याचं?"

रोझी भांडी घासत होती. नळ तसाच वाहत राहिला. "श्चेपानिक," ती म्हणाली.

"आपल्यातलाच?"

"आपल्यातलाच, कॅझ."

"मग कोणी सांगत का नाही त्याला? कसा उभा आहे बघ. डोकं दुखतंय त्याचं."

आणि ज्याला चमचा आठवत नव्हता, त्यानं एकामागून एक चार याद्या उघडल्या, संघाची यादी गाठली आणि चव्वेचाळीसला मैदानाबाहेर काढून बाकावर बसवलं. तेव्हापासून दर शनिवारी तो आधी हेच करतो. मार्स्टन व्हॅलीनं त्यानंतर माझ्यात एकही सामना जिंकलेला नाही.

हे असं चाललेलं असताना बातमी आली, की कॉलेज फुटबॉलचा खेळ परत येणार. कदाचित. कंपनी म्हणाली येणार. काही विद्यापीठं म्हणाली, पोरांचा हक्क ठरेपर्यंत आमचं नाव घालू नका. काही म्हणाली, बघू. मार्स्टन व्हॅलीनं समिती नेमली, आणि समितीच्या मनात आलं की जुना अजिंक्य संघही नव्या खेळात हवा. त्यासाठी प्रत्येक जुन्या खेळाडूची सही हवी. कागद टपालानं आले, आणि गुरुवारी विद्यापीठाच्या परवाना कचेरीतल्या मिस्टर प्रुइटचा फोन आला. रोझीनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"नमस्कार, मिस... स्झे... स्क्झे... मॅडम, तुम्हाला रोझालिया म्हटलं तर चालेल?"

"तुम्ही आमचं नाव मागायलाच फोन केलाय ना?"

"हो."

"मग घ्या की."

"शेप... चेपॅनिक?"

"पॅनिक होऊ नका. श्चे. पा. निक."

चौथ्या खेपेला त्याला जमलं. रोझीनं त्याला शाबास म्हटलं, बसमधून न धडपडता उतरलेल्या पहिलीच्या मुलाला म्हणते तसं.

"या वेळी सगळं रीतसर आहे, मॅडम. नावासकट. तुम्ही उच्चार रेकॉर्ड करून पाठवा, समालोचक स्टुडिओत बसून तस्साच म्हणणार."

रोझी खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांसमोर वडिलांच्या मांडीवरची टोपी आली असावी. कागद कॅझपुढे होता, पेन त्याच्या हातात होतं. रोझीनं पेन दिलं की कॅझ कशावरही सही करतो, एकदा पिझ्झाच्या खोक्यावर केली होती. तिनं नुसतं बोट ठेवायचं बाकी होतं. आणि कधी नव्हे ते तिला त्या बोटाची भीती वाटली.

"काय आहे हे?" कॅझनं विचारलं.

"त्या पोराचं आहे. तो नव्या खेळात जाणार. त्याचं नाव घेणार, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आपलं नाव."

"छान आहे," कॅझ म्हणाला. खरंच खूष झाला तो. मग फोनकडे वाकून म्हणाला, "आणि खेळवणार त्याला?"

"खेळवणार म्हणजे काय, सर! लाखो लोक खेळवतील. रोज! वर्षभर!"

"बाकावर बसवाल का?"

"ते ज्याच्या हातात कंट्रोलर त्याच्यावर आहे, सर. पण असल्या दणकट गड्याला बाकावर कोण बसवतं?"

"तो पडला तर?"

"लगेच उठतो, सर! तीच तर मजा आहे."

"मीपण लगेच उठायचो," कॅझ म्हणाला.

रोझीनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. सावकाश, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढावं तसं.

"मिस्टर प्रुइट, सही मिळणार नाही."

"मॅडम, बाकी सगळ्यांनी दिली! एकटेच राहाल तुम्ही. ही संधी पुन्हा..."

"राहू."

"मग आम्हाला त्या जागी बनावट खेळाडू उभा करावा लागेल. सहा फूट एक इंच. बाही उजव्या हातावर."

"त्याला सांभाळा," कॅझ म्हणाला.

त्या शनिवारी दुपारी रोझीनं कोबी घालून सॉसेज परतले आणि दोन ताटल्या घेऊन सोफ्यावर येऊन बसली. एरवी ती कधी खेळ बघत नाही. कॅझनं चव्वेचाळीसला बाकावर धाडलं. रोझीनं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, घसा खाकरला आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आपल्या बसच्या आवाजात सुरू झाली.

"मंडळी! मार्स्टन व्हॅली पुन्हा एकवीसनं मागे! पण तिकडे बघा, बाकाशी कोण आहे? कझिमिर श्चेपानिक! ओहायोचा वाघ! काय निवांत आहे! कोणाच्या बापाला उठवता यायचा नाही, असा निवांत आहे श्चेपानिक!"

कॅझ इतका हसला की सॉसेज जमिनीवर पडलं. "पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. श्चेपानिक. या वेळी हसू आवरून तोही तिच्याबरोबर म्हणाला, एकेक अक्षर सुटं करून, कुठेतरी वाचलेलं आठवावं तसं.

आता मी सांगते ते खरं माना किंवा मानू नका. मैदानाबाहेरचे खेळाडू माझ्यात उभ्या उभ्या डुलतात. तेवढीच हालचाल त्यांना दिलेली आहे. बाक नुसता रंगवलेला आहे, त्यावर टेकायची सोय त्या चष्मेवाल्या गृहस्थांनी केलेलीच नाही. तिसऱ्यांदा नाव घेतलं, तेव्हा चव्वेचाळीसनं हेल्मेट काढलं आणि तो खाली बसला.

तबकडीवर ओरखडे असले की असं होतं, म्हणतात. माझ्यावर चौदा आहेत, तेव्हा मी वाद घालत नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, कोणाच्या पोटात कोण राहतं ते वरून कळत नाही, वगैरे जे शेवटी सांगायचा रिवाज आहे, ते तुम्ही माझ्या वतीनं समजून घ्या. मला उचलाल तेव्हा मात्र कडेनं उचला. आणि आधी तेवढी बोटं पुसा. चीज लागलंय.