चार खुर्च्यांची टेकडी

धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत मी अकरा वर्षं बसते आहे आणि या अकरा वर्षांत माझी एकही बोट उशिरा सुटलेली नाही. वाऱ्यामुळे रद्द झाली असेल, पण उशीर नाही. त्यामुळे सासूबाईंनी "रविवारी मी टेकडीवर जाणार" असं जाहीर केलं, तेव्हा मी लगेच कागद आणि पट्टी घेऊन बसले.

आमच्या बेटावरची टेकडी काही मोठी नाही. पोरं वीस मिनिटांत वर पळतात. पण आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठच महिने झाले होते आणि त्याआधीची तीन वर्षं त्या घरातच होत्या. एके काळी याच बाई शाळेतली पोरं रांगेत लावून दर महिन्याला वर न्यायच्या. "खिडकीतून समुद्राची एकच बाजू दिसते गं," त्या म्हणाल्या. "मला चारी बाजूंनी बघायचाय, परत एकदा." महिन्यातून एकदा बोटीने येणारे डॉक्टर म्हणाले, चाला, दमलात की बसा.

दमलात की बसा! बसा कशावर? टेकडीवर गवत आणि वारा सोडून काही नाही. खाली बसल्या तर उठवायचं कोणी? म्हणून बोटीला देतात तसे मी टेकडीलाही थांबे दिले. चार थांबे, चार खुर्च्या.

"अगं, आई फिरायला चाललीय, मोहिमेवर नाही," नवरा म्हणाला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

"तू तुझ्या इंजिनात लक्ष घाल आणि ही स्वयंपाकघरातली खुर्ची वर नेऊन ठेव," मी म्हटलं.

बेकरीवाल्याने दोन खुर्च्या दिल्या. सलूनवाला तर गिऱ्हाइकांची फिरती खुर्चीच द्यायला निघाला होता. "बाईंनी मला पाढे शिकवलेत," तो हट्टाने म्हणाला. ती चौघांनाही हलेना, तेव्हा कुठे तो स्टुलावर तयार झाला. शनिवारी खालून बघितलं तर टेकडीवर कुणाची तरी सभा भरणार आहे असं वाटत होतं.

वेळापत्रक मी दारावर चिकटवलं. निघणे नऊ वाजता, चौथी खुर्ची दहा वाजता, मग चहा, मग परत. आईंनी चष्मा लावून ते वाचलं, वहीवर शेरा मारण्याआधी वाचायच्या तसं.

"चौथी खुर्ची कुठे ठेवलीस?"

"शेवटच्या चढाच्या अलीकडे."

"अलीकडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

रविवारी ऊन छान पडलं होतं. पहिल्या खुर्चीवर आई बसल्याच नाहीत, नुसती पाठ थोपटली तिची. तिथे नवरा बसला आणि खुशाल पेपर वाचू लागला. दुसरीवर त्यांनी स्वेटर काढून टाकला. तिसरं ते स्टूल. त्यावर त्या दोन मिनिटं टेकल्या, बहुधा पाढ्यांचा मान राखायला. दहाला पाच कमी असताना चौथी खुर्ची आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"बसा आई. चहा घेऊ आणि उतरू."

"वर किती राहिलं?"

"थोडंच. पण उभा चढ आहे."

"आणि वर खुर्ची?"

पाचवी खुर्ची माझ्या डोक्यातच आली नाही, असं सांगता आलं असतं. पण आली होती. कशाला उगाच, तिथपर्यंत कोण जातंय, असं म्हणून मीच ती सोडून दिली होती. दारावरच्या कागदात आईंनी नेमकं तेच वाचलं होतं. मला फार लाज वाटली.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणून मागे फिरायचं?" असं म्हणून त्या काठी टेकत निघाल्यासुद्धा.

वाटेत दमल्या तर? मी ती चौथी, आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर उलटी घेतली आणि मागे धावले. लाकूड जड, त्यात वारा खुर्चीत शिरून मला मागे ओढत होता. आई एक पाऊल टाकायच्या, श्वास घ्यायच्या, दुसरं टाकायच्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दहा वाजून बावीस मिनिटांनी आम्ही वर पोचलो. चारी बाजूंना समुद्रच समुद्र. आई काठी टाकून हसत सुटल्या, शाळा सुटल्यावर पोरं हसतात तशा, आणि मलाही हसू आवरेना.

"बसा, आई," खुर्ची मांडून मी धापा टाकत म्हटलं.

त्यांनी माझा घाम बघितला, विस्कटलेले केस बघितले. "मी कशाला? तू बस. दमलात की बसा, डॉक्टरांनीच सांगितलंय."

मी बसले. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि एकेक दिशा दाखवत गेल्या, जणू मी पहिलीत होते.

ठरल्यापेक्षा तासभर उशिरा आम्ही उतरायला लागलो आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. मी खुर्ची उचलायला वाकले, तर आई म्हणाल्या, "राहू दे तिथेच. पुढच्या रविवारी तुला लागेल."